पदराचा हिशेब : येवला ते पैठण

नगरहून कोपरगावमार्गे निघाले की गोदावरी ओलांडल्यावर थोड्याच वेळात येवला लागते. मनमाड–नगर आणि नाशिक–संभाजीनगर हे दोन मोठे रस्ते येथे एकमेकांस छेदतात. त्यामुळे गावावरून जाणारे पुष्कळ. मुद्दाम थांबणारे मात्र बहुधा लग्नघरचेच. चौफुलीपासून पेठेपर्यंत पैठणीच्या पाट्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. तालुका कमी पावसाचा, उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करणारा; आणि अशा कोरड्या भूमीत मोर, कमळ व पोपट सोनेरी पदरावर अवतरतात, याचे प्रत्येक वेळी नवल वाटते. सतराव्या शतकात रघोजी नाईक यांनी विणकर आणि रेशमाचे व्यापारी येथे आणून वसविले, असा गावाचा इतिहास सांगतात. पेशवाईत या वस्त्राला मोठे गिऱ्हाईक लाभले. तात्या टोपे यांचे जन्मगाव हेच. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही येथेच. संक्रांतीला या गावचे आकाश पतंगांनी भरून जाते. एवढ्याशा गावाच्या वाट्याला इतके काही आले आहे, परंतु बाहेरचा माणूस येथे येतो तो साडीसाठी.

गेल्या ज्येष्ठात आम्ही तिघी येथे आलो होतो : माझी आई, माझी भाची आणि मी. भाचीचे लग्न मार्गशीर्षात योजले आहे. भावाचा नगरच्या मार्केट यार्डात भुसाराचा व्यापार. गेली दोन वर्षे व्यापार बेताचाच चालला आहे, तेव्हा लग्नाच्या प्रत्येक बाबीसमोर त्याने आकडा मांडून ठेवला होता. नवरीच्या साडीसमोर लिहिले होते पंचवीस हजार, आणि त्याखाली दोन रेघा. व्यापारी घरात बेरजेखाली ओढलेल्या दोन रेघांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

आईची अडचण पैशाची नव्हती. तिने बारा वर्षांपूर्वी मुनिमहाराजांसमोर रेशीम न वापरण्याचा नियम घेतला आहे. नियम स्वतःपुरता, सुनेला किंवा नातीला तिने कधी अडविले नाही. परंतु आमच्या घरी लग्नाच्या दिवशी नवरीच्या हाती वस्त्र देऊन तिच्या डोक्यावरून पदर घेण्याचा मान आजीचा असतो. स्वतः त्यागलेली वस्तू नातीला आशीर्वाद म्हणून कशी द्यावी, हा तिचा प्रश्न होता. भाचीला मात्र कळत्या वयापासून लग्नात पैठणीच हवी होती. लेहेंगा तिला नको होता, भाड्याने आणलेले वस्त्र तर मुळीच नको. तिघींच्या तीन गरजा एकाच पदरात बांधायच्या, म्हणून हा प्रवास.

पेठेतल्या पहिल्याच दुकानात गादीवर बसताच समोर साड्यांचा ढीग पडला. दोन हजारांपासून लाखापर्यंत सगळ्या साड्यांना तेथे पैठणीच म्हणतात, आणि लग्नघराची फसगत होते ती या एका शब्दाने. दोन-चार हजारांच्या बहुतेक साड्या यंत्रमागावरच्या असतात. त्यांना 'सेमी पैठणी' असे नाव आहे आणि त्यांचा धागा बहुधा कृत्रिम असतो. हातमागावरची, शुद्ध रेशमाची, लहान पदराची साधी साडी आम्हाला दहा-बारा हजारांच्या खाली कोणी दाखविली नाही. भरजरी अंगाची, मोठ्या पदराची साडी असेल तर लाखाचा आकडा सहज ओलांडला जातो.

ओळखण्याची खूण सोपी आहे, आणि दुकानदार प्रामाणिक असेल तर तो स्वतःच ती दाखवितो. पदर उलटा करून पाहावा. हातमागावर प्रत्येक रंगाच्या धाग्याची छोटी कांडी वेगळी असते. विणकर तो रंग नक्षीपुरताच फिरवून शेजारच्या रंगात अडकवितो आणि परत वळवितो, म्हणून मोर पुढून जसा दिसतो तसाच मागूनही दिसतो. यंत्रावरच्या साडीत धागे मागील बाजूने मोकळे धावतात, किंवा कापून टाकलेले असतात. बोट फिरविले की ते लागतात. रेशमाची शंका असेल तर कडेचा एखादा धागा काढून जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. सिल्क मार्क आणि हातमागाचा शिक्का यांची विचारणा करण्यात संकोच नसावा. आपण धान्याचा नमुना हातावर घेऊन पाहिल्याशिवाय पोते उतरवून घेत नाही, मग येथेच भीड कसली?

जरीचेही तीन प्रकार ऐकू आले. खरी जर म्हणजे चांदीची चपटी तार धाग्यावर गुंडाळून तिला सोन्याचे पाणी दिलेली. दुसरी तांब्याच्या तारेची, जिला बाजारात 'टेस्टेड' म्हणतात. तिसरी निव्वळ कृत्रिम. आज पंचवीस हजारांच्या आत खऱ्या जरीची गोष्ट कोणी सांगू लागला, तर गोड बोलून तेथून उठावे.

दुपारी एका दुकानदाराच्या ओळखीने आम्ही विणकराच्या घरी गेलो. गावात अनेक घरांची पुढची खोली मागाने व्यापलेली असते. कुटुंब मागच्या खोल्यांत राहते आणि ठक्-ठक् असा आवाज घरभर चालू असतो. विणकर चाळिशीचे गृहस्थ. त्यांची पत्नी शेजारी बसून कांड्या भरीत होती. ताण्याखाली कागदावर काढलेली मोराची आकृती ठेवलेली. तिच्याकडे पाहून एकेक रंग आत घालायचा, फणीने ठोकायचा, पुन्हा पुढचा. आम्ही तेथे तासभर होतो. तेवढ्या वेळात मोराची मान करंगळीच्या पेराएवढीही पुढे सरकली नाही. काठाचा रंग अंगाहून वेगळा हवा असेल तर एका वेळी तीन धोटे चालवावे लागतात, असेही त्यांनी करून दाखविले.

मी भावाचीच बहीण. हिशेब विचारल्यावाचून मला राहवले नाही. त्यांनीही आडपडदा न ठेवता सांगितला. मागावरची साधी साडी दुकानाला चौदा हजारांस जाणार होती. त्यात रेशीम, रंगाई व जर मिळून सहा हजारांच्या आसपास. उरलेले आठ हजार नवरा-बायको दोघांच्या वीस दिवसांच्या श्रमांचे, म्हणजे दोघांच्या मिळून दिवसाला चारशे रुपये. त्यातून माग नादुरुस्त झाला, कोणी आजारी पडले, तर तो दिवस वजा.

हा हिशेब ऐकल्यावर घासाघीस कोठे करावी आणि कोठे करू नये, हे उघड झाले. साडीची किंमत पदर वाढवितो. काठ अरुंद ठेवला, अंगावरची बुट्टी विरळ केली, पदरावर आठ मोरांऐवजी चार घेतले, तर दिवस कमी लागतात आणि किंमत आपोआप उतरते. नक्षी तीच ठेवून भाव पाडून मागणे म्हणजे त्या चारशेतून कापणे. आपली माणसे भाव करण्यात पटाईत आहेत आणि त्यात काही गैर नाही. परंतु आपण अडत्याशी भाव करतो तसा मागावर बसलेल्या माणसाशी करावा, हे मला पटत नाही.

आई इतका वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "दादा, हे रेशीम कोठून येते?"

"बेंगळुरूकडून, आजी."

पुढचे तिला ठाऊक होते, तरी तिने भाचीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारून घेतले. रेशमाची अळी तुतीचा पाला खाऊन स्वतःभोवती एकाच अखंड तंतूचा कोष विणते. तो तंतू कित्येकशे मीटर लांब असतो. आतला जीव पतंग होऊन बाहेर पडला तर कोषाला भोक पडते आणि तंतू तुटतो. म्हणून त्याआधीच कोष वाफेवर किंवा उष्ण हवेत तापवून आतला जीव मारतात आणि मग गरम पाण्यात तंतू उकलतात. एका साडीमागे असे काही हजार कोष लागतात. विणकर संकोचून म्हणाले, "आमच्याकडे तयार सूत येते, आजी. ते काम आम्ही पाहिलेले नाही." आई म्हणाली, "तुम्हाला दोष नाही देत मी. मीही माझ्या लग्नात रेशमीच नेसले होते."

आपल्या समाजात या प्रश्नावर एकमत नाही, हे वाचकांना ठाऊकच आहे. कोठे पूजेचे वस्त्र म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रेशीम चालत आले आहे, तर कोठे मुनिमहाराजांच्या उपदेशाने घरेच्या घरे रेशीम सोडून सुतावर आली आहेत. मिठाईवरच्या वरखाचे असेच झाले होते. चांदी जनावरांच्या आतड्यांच्या पडद्यांत ठेवून कुटतात हे कळल्यावर पुष्कळ घरांनी वरख बंद केला. बर्फी वरखाशिवाय तशीच गोड लागली. लग्नाची साडी मात्र बर्फी नव्हे. चारशे माणसे ती पाहतात, फोटोत ती राहते, आणि विहीणबाई काठ हातात घेऊन पाहतात.

अहिंसक रेशमाचा विचार आम्ही आधीच केला होता. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावर मागे राहिलेल्या कोषांपासून सूत काढण्याची पद्धत रूढ केली. तिची कीर्ती आता परदेशांतही आहे. परंतु तुटलेले तंतू कापसासारखे कातावे लागतात, त्यामुळे त्या सुताला नेहमीच्या रेशमाची झळाळी नसते आणि भावही चढा असतो. आईची शंका आणखी पुढची होती. या पाळीव पतंगांना धड उडताही येत नाही. प्रत्येक मादी शेकडो अंडी घालते. त्या सगळ्या अळ्यांना पाला कोण देणार? या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते, तेव्हा तो मार्ग तेथेच सोडला.

वाट निघाली ती विणकरांच्या बोलण्यातून. ते म्हणाले, "ताई, जुन्या पैठण्यांचे अंग सुतीच असायचे. आमचे आजोबा सांगत. बारीक सूत, आणि रेशीम नि जर फक्त काठाला-पदराला." पैठणीच्या जाणकारांकडूनही पुढे हेच ऐकले : आज आपण जिला शुद्ध म्हणतो ती संपूर्ण रेशमी पैठणी ही नंतरची रीत, पूर्वीच्या अनेक पैठण्यांत अंगाला तलम सूत असे. भाचीचे डोळे चमकले. तिने विचारले, "मग दादा, नक्षीसुद्धा सुतीच धाग्याने विणता येईल का?"

त्यांनी लगेच होकार दिला नाही, आणि मला ते आवडले. सुती धागा रेशमाहून जाड, त्यामुळे मोराची वळणे तितकी रेखीव येणार नाहीत. चोच आणि डोळा थोडे बोजड दिसतील. मर्सराइज्ड सूत घेतले तर चकाकी बरी येईल. ताण्याला खळ द्यावी लागेल. बारीक सूत कोरड्या हवेत फार तुटते, म्हणून काम आषाढ-श्रावणातच करावे, दमट हवेत तार टिकते. आणि एक गोष्ट त्यांनी आपण होऊन सांगितली, जी कोणत्याही दुकानात कोणी सांगितली नव्हती : जरीच्या पोटातही पुष्कळदा रेशमाचा धागा असतो. वरून धातू दिसतो, आत रेशीम. आजींचा नियम पाळायचा तर सुती गाभ्याची जर मागवावी लागेल. आईने हात जोडले. बारा वर्षे नियम पाळणाऱ्या तिलाही हे ठाऊक नव्हते.

आता किंमत. पिवळे अंग, कुंकवी नारळी काठ, चार मोरांचा मध्यम पदर : रेशमात चोवीस हजार, सुतात एकवीस. भाची गोंधळली. सूत तर रेशमाच्या मानाने फार स्वस्त, मग फरक तीनच हजारांचा कसा? तिचा प्रश्न स्वाभाविक होता. बाजारात सुती साडी म्हणजे स्वस्त साडी असे समीकरण आपण धरून चालतो. परंतु येथे किंमतीचा मोठा भाग हातांचा आहे, आणि सूत असो वा रेशीम, हात तितकेच दिवस चालतात. सुताला तर काकणभर अधिकच.

त्या संध्याकाळी निर्णय झाला नाही. आईला सूर्यास्तापूर्वी जेवायचे होते. घरून आणलेले डबे आम्ही धर्मशाळेच्या ओसरीवर उघडले आणि साडीचा विषय तिने मुद्दामच काढू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी वैजापूरमार्गे संभाजीनगर आणि तेथून पन्नासएक किलोमीटरवरचे पैठण गाठले. आईला श्री मुनिसुव्रतनाथ भगवंतांचे दर्शन हवे होते आणि भाचीला ज्या गावाचे नाव या वस्त्राला मिळाले ते गाव पाहायचे होते. पैठणच्या अतिशय क्षेत्रातील मूर्ती वालुकामय असल्याचे सांगतात. गाभाऱ्यातील त्या श्यामल शांततेत आई बराच वेळ बसून राहिली. प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी. श्वेतांबर परंपरा सांगते की, येथील राजाला इंद्रोत्सवामुळे पंचमीला संवत्सरी साधेना, तेव्हा त्याच्या विनंतीवरून आचार्य कालकांनी ती चतुर्थीस आणली. आम्ही दिगंबर, आमच्या पर्वाचे गणित निराळे. तरी नाथांच्या या गावात, गोदावरीच्या घाटावर उभे असताना ती कथा आठवली. कोपरगावला ओलांडलेली तीच नदी येथे रुंद होऊन वाहते.

पैठणलाही शासकीय केंद्रात माग चालतात, परंतु गावाच्या मानाने थोडे; या व्यवसायाचा भार आता येवल्यानेच उचलला आहे. तेथे मागावरच्या एका मुलीशी भाची बोलत राहिली. परत गाडीत बसताना ती म्हणाली, "आत्या, सुतीच घेऊ या. मोराची चोच जाड आली तर येऊ दे. आजीच्या हातून मिळाली पाहिजे." आई खिडकीबाहेर पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्यासाठी म्हणून घेऊ नको गं. तुला आवडत असेल तर घे." भाची हसून म्हणाली, "आवडते म्हणूनच घेते. पण चार मोर मात्र हवेत." फोन करून आम्ही विणकरांना होकार कळविला आणि पाच हजार रुपये विसार पाठविला.

खरी परीक्षा घरी होती. भाऊ म्हणाला, "सुती साडीला एकवीस हजार? लोक काय म्हणतील, नवरीला कॉटन नेसवले?" त्याला कंजूष म्हणवून घेण्याची भीती होती, आणि गंमत अशी की त्यासाठी तो चार हजार जास्त घालायलाही तयार होता. वहिनीने मग त्याच्यासमोर दुसरे पान उघडले, आहेराचे. त्या पानावर पंचेचाळीस साड्या होत्या, बहुतेक स्वस्त रेशमाच्या. प्रत्येकी अडीच हजार धरले तर एक लाख बारा हजार पाचशे. यांपैकी किती साड्या नेसल्या जातात आणि किती घडी न मोडता पुढच्या लग्नात तिसऱ्याच घरी जातात, हे आपण सगळेच जाणतो. व्यापारी घराच्या लग्नात नवरीच्या साडीने अंदाजपत्रक बिघडत नाही. ते आहेराच्या कपाटात बिघडते. वहिनीने त्या पंचेचाळीसपैकी तीस साड्या कमी करून उरलेल्या पंधरा जणींना चांगल्या सुती हातमागाच्या साड्या द्यायचे ठरविले. भावाने ते पान बराच वेळ पाहिले, नवी बेरीज केली आणि दोन रेघा ओढल्या. त्याने 'बरे' किंवा 'वाईट' काहीच म्हटले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी त्याने विणकरांना स्वतःच्या खात्यावरून आणखी पाच हजार पाठविले, कारण सूत आधी विकत घ्यावे लागते, हे त्याच्यातल्या व्यापाऱ्याला न सांगता कळले.

यंदा आषाढ चांगला बरसला. ताणा लागला, अंग विणून झाले. परवा विणकरांच्या पत्नीचा फोन आला. काठाच्या कुंकवी रंगाचे दोन नमुने तिने टपालाने पाठविले आहेत, त्यांपैकी कोणता ते लवकर कळवा म्हणाली. भाचीला गडद हवा आहे, आईला थोडा उजळ. पदर अजून व्हायचा आहे. दशलक्षण पर्वात आई प्रवास करीत नाही, तेव्हा साडी आणायला क्षमावाणीनंतर जाऊ, असे ठरले आहे.